दोनदा भाजलेल्या बदामी बिस्किटांची कुळकथा आणि कृती

इटालियन पद्धतीची बदामी बिस्किटे घरी प्रथमच करून पाहणाऱ्यांची एक तक्रार हमखास कानी येते : बिस्किटे फारच कडक झाली, दाताने तुटेनात. मग पुढच्या खेपेस कोणी त्यात लोणी घालते, कोणी दूध, तर कोणी दुसऱ्यांदा भाजण्याची पायरीच गाळून टाकते. बिस्किटे मऊ होतात, घरच्यांना आवडतातही. परंतु ज्या पदार्थाच्या हौसेने ओव्हन तापवला, तो पदार्थ मात्र ताटात नसतो. बहुतेक वेळा पहिल्या खेपेची ती टणक बिस्किटे बिघडलेली नसतातच. ती तशीच व्हायची असतात. त्यांचा कडकपणा हा दोष नसून तो त्यांचा मूळ गुण आहे, आणि एवढी एक गोष्ट लक्षात आली की कृतीतील प्रत्येक पायरीचा अर्थ आपोआप उलगडत जातो.

नावात दडलेली कृती

‘बिस्किट’ हा शब्द आपण दिवसातून चार वेळा उच्चारतो, पण त्याच्या अर्थाकडे सहसा लक्ष जात नाही. लॅटिन भाषेत ‘बिस’ म्हणजे दोनदा आणि ‘कोक्तुस’ म्हणजे शिजवलेले. ‘बिस्किट’ म्हणजे दोनदा भाजलेले. यातील पहिली भाजणी पदार्थ शिजवण्यासाठी असते, तर दुसरी त्यातील ओलावा काढून टाकण्यासाठी. ओलावा गेला की बुरशी धरत नाही, आणि पदार्थ आठवडेच्या आठवडे टिकतो. सैन्याच्या स्वाऱ्या आणि लांब पल्ल्याचे सागरी प्रवास यांसाठी युरोपात शतकानुशतके अशा कोरड्या भाकरीचाच साठा केला जाई. ती पाण्यात किंवा वाइनमध्ये बुडवूनच खावी लागे.

गंमत अशी, की आज आपल्या दुकानांत बिस्किट म्हणून जे मिळते ते बहुधा एकदाच भाजलेले असते. या शब्दाचा मूळ अर्थ पाळणारा आपल्याकडील पदार्थ म्हणजे बेकरीतला टोस्ट. आधी गोडसर पाव भाजायचा, त्याचे काप करायचे आणि ते पुन्हा भट्टीत कडक भाजायचे, ही टोस्टची रीत. चहात बुडवल्याविना टोस्ट खाणारा माणूस विरळा, आणि टोस्ट कडक आहे म्हणून कोणी बेकरीवाल्याशी भांडतही नाही. इटलीतील बदामी बिस्किटे या टोस्टच्याच जातकुळीची आहेत. आपण ती पुडीतल्या मऊ बिस्किटांच्या मापाने तोलतो आणि नाराज होतो, इतकेच.

नावांचाही थोडा घोटाळा आहे. आपल्याकडील कॉफीच्या दुकानांत ही बिस्किटे ‘बिस्कॉटी’ या नावाने ओळखली जातात. इटलीत मात्र ‘बिस्कोत्ती’ हा सर्वच बिस्किटांसाठीचा सामान्य शब्द आहे. तिरक्या कापांच्या बदामी बिस्किटांना तोस्काना प्रांतात ‘कांतुच्ची’ किंवा लाडाने ‘कांतुच्चीनी’ म्हणतात. ‘कांतुच्चो’ म्हणजे कोपरा, किंवा पावाच्या कडेचा कडक तुकडा.

प्रातो गावची ख्याती

फ्लॉरेन्सच्या वायव्येस, अगदी जवळ, प्रातो नावाचे शहर आहे. लोकरीच्या कापडासाठी ते मध्ययुगापासून प्रसिद्ध. परंतु खवय्यांना ते ठाऊक आहे बदामी बिस्किटांमुळे. फ्लॉरेन्सच्या ‘आक्कादेमिया देल्ला क्रुस्का’ या भाषासंस्थेने सतराव्या शतकाच्या अखेरच्या आपल्या शब्दकोशात ‘कांतुच्चो’ची नोंद केली आहे. बारीक पीठ, साखर आणि अंड्याचा पांढरा भाग यांपासून केलेले कापांचे बिस्किट, असा त्या नोंदीचा आशय. तीत बदामाचा उल्लेख नाही. बदामासह असलेल्या कृतीची जुनी नोंद प्रातोमधील अठराव्या शतकातील एका विद्वानाच्या, आमादियो बाल्दान्झी याच्या हस्तलिखितात सापडते.

या बिस्किटाला घरोघरी पोचवण्याचे श्रेय मात्र आंतोनियो मात्तेई या बेकरीवाल्याकडे जाते. त्याने १८५८ मध्ये प्रातो येथे दुकान काढले, आणि १८६७ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात त्याच्या बिस्किटांची वाखाणणी झाली. पुढे, १९०८ मध्ये, ते दुकान पांदोल्फिनी कुटुंबाकडे गेले. तेथील निळ्या कागदी पिशवीतील बिस्किटे आजही प्रातोची ओळख मानली जातात. त्या बिस्किटांत मैदा, साखर, अंडी, बदाम आणि चिलगोजे एवढेच जिन्नस असतात. लोणी नाही, तेल नाही, दूध नाही, फुगण्यासाठी सोडा वा बेकिंग पावडरही नाही.

तोस्कानातील अन्य ठिकाणी मात्र थोडे लोणी, मध किंवा बेकिंग पावडर वापरण्याची पद्धत रूढ झाली. ‘कांतुच्चीनी तोस्कानी’ या नावाला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि त्यातही बदाम सोललेले नसावेत, हा आग्रह आहे. सालीचा तपकिरी रंग आणि किंचित तुरट चव हा त्या बिस्किटाचा भागच मानला जातो.

लोणी का नाही?

लोणी किंवा तूप पिठाच्या कणांभोवती थर धरते आणि बिस्किटाला ठिसूळ, तोंडात विरघळणारा पोत देते. आपली नानकटाई हे त्याचे उत्तम उदाहरण. कांतुच्चीत हे काम कोणी करत नाही. पीठ बांधले जाते ते केवळ अंड्याने; भाजताना अंड्यातील प्रथिने घट्ट होतात, साखर वितळून पुन्हा कडक होते, आणि बिस्किटाला काचेसारखा टणकपणा येतो. चव आणि स्निग्धता यांची सारी भिस्त बदामावर असते. चावताना आधी कोरडा, गोड कुरकुरीतपणा आणि मग बदामाचा तेलकट, भाजका स्वाद, असा हा क्रम आहे. लोणी घातले की हा क्रम मोडतो.

याचा व्यावहारिक लाभ असा, की ही बिस्किटे दीर्घकाळ टिकतात. ओलावा नाही आणि लोणी खवट होण्याचा प्रश्न नाही. सणावारी आप्तेष्टांना डबा भरून द्यायला किंवा प्रवासात सोबत न्यायला यासारखे दुसरे बिस्किट नाही.

साहित्य

साधारण पस्तीस ते चाळीस बिस्किटांसाठी : मैदा २५० ग्रॅम, साखर १६० ग्रॅम, मध्यम आकाराची दोन अंडी आणि आणखी एका अंड्याचा पिवळा बलक, सालीसकट अख्खे बदाम १२५ ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ आणि एका संत्र्याची किंवा लिंबाची किसलेली साल. साल किसताना आतील पांढरा भाग येऊ देऊ नये, तो कडू असतो.

बेकिंग पावडर प्रातोच्या जुन्या रीतीत नाही; परंतु घरच्या ओव्हनमध्ये पहिला प्रयोग करणाऱ्याने ती जरूर वापरावी. तिच्यामुळे पोत किंचित हलका होतो आणि काप करणे सोपे जाते. हात बसला की ती वगळून पाहावी.

बदाम साधे, अमेरिकेहून येणारे चालतात. महागडा मामरा बदाम येथे वापरण्याचे कारण नाही. मात्र एक पथ्य पाळावे. अनेक घरांत बदाम रात्री भिजत घालण्याची सवय असते. तसे भिजवलेले बदाम या बिस्किटांत मुळीच वापरू नयेत. त्यातील पाणी भाजताना बाहेर येते आणि बिस्किट आतून चिवट राहते. बदाम आधी भाजून घेण्याचीही गरज नाही, कारण पुढे ते दोनदा भाजले जाणारच आहेत. दुकानातून आणलेल्या बदामांपैकी एखादा चाखून पाहावा; खवट वास येत असेल तर सगळे श्रम वाया जातात.

कृती

ओव्हन १७५ अंश सेल्सिअसवर तापत ठेवावा. ओटीजीमध्ये वरची आणि खालची अशा दोन्ही सळया सुरू ठेवून किमान पंधरा मिनिटे तापवणे आवश्यक आहे. मायक्रोवेव्हमध्ये कन्व्हेक्शनची सोय असेल तर तीच वापरावी, आणि पंख्यामुळे उष्णता अधिक लागत असल्याने तापमान पंधरा अंशांनी कमी धरावे. साध्या मायक्रोवेव्हवर ही बिस्किटे होत नाहीत.

एका पसरट भांड्यात अंडी, बलक, साखर, मीठ आणि किसलेली साल घेऊन मिश्रण फिकट आणि जाडसर होईपर्यंत तीन-चार मिनिटे फेटावे. मैदा व बेकिंग पावडर एकत्र चाळून त्यात घालावी आणि लाकडी चमच्याने कालवावे. शेवटी बदाम घालून हाताने गोळा करावा. पीठ चिकट असते. ते पोळीच्या कणकेसारखे मळायचे नाही, केवळ एकत्र आणायचे. जास्त मळल्यास मैद्याला चिवटपणा येतो आणि बिस्किट कडक होण्याऐवजी दगडासारखे होते. या दोहोंत फरक आहे : चांगले कांतुच्ची दाताखाली मोडते, मळून बिघडवलेले मोडत नाही. हाताला चिकटत असेल तर पीठ वाढवू नये. हात पाण्याने किंचित ओले करावेत.

गोळ्याचे दोन भाग करावेत. बटरपेपर लावलेल्या ट्रेवर प्रत्येक भागाचा सुमारे २८ सेंटिमीटर लांब, पाच सेंटिमीटर रुंद आणि दोन सेंटिमीटर उंच असा चपटा उंडा करावा. कोथिंबीर वडीचे उंडे ज्यांनी वळले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. भाजताना उंडे पसरतात, म्हणून दोहोंमध्ये किमान चार बोटे अंतर ठेवावे. ट्रे लहान असल्यास तीन आखूड उंडे करावेत. शिल्लक राहिलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचा हात वरून फिरवला की छान चकाकी येते.

पहिली भाजणी साधारण पंचवीस मिनिटांची. उंडे फुगून सोनेरी होतात, वर बारीक भेगा दिसतात आणि बोटाने दाबल्यास मध्यभाग घट्ट लागतो, पण कडक नसतो. या टप्प्यावर ते बाहेर काढावेत.

कापण्याची वेळ

कृतीतील खरी कसोटी येथे आहे. वाफवलेला कोथिंबीर वडीचा उंडा गरम असतानाच कापला तर वड्या तुटतात, हे आपल्याकडे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. तोच नियम येथे लागू आहे. फरक एवढाच, की वडीचा उंडा पूर्ण गार करता येतो, या बिस्किटांचा नाही. ओव्हनमधून काढल्याबरोबर कापल्यास चुरा होतो, आणि पूर्ण गार झाल्यावर कापल्यास साखर कडक झालेली असल्याने उंडा बदामाजवळ फुटतो. दहा ते पंधरा मिनिटे थांबावे. उंडा हाताला गरम, पण धरता येण्याजोगा लागला पाहिजे.

सुरी पाव कापण्याची, दातेरी पात्याची हवी. उंडा लाकडी पाटावर ठेवून तिरके, साधारण दीड सेंटिमीटर जाडीचे काप करावेत. सुरी करवतीसारखी पुढेमागे हळूहळू ओढावी आणि बदाम लागला की एकाच निश्चयी दाबाने खाली न्यावी. बदाम मधोमध कापला जाऊन त्याचा पांढरा गर दिसला पाहिजे. कांतुच्चीचे रूप आहे ते त्यातच. तिरका काप ही केवळ शोभा नाही. त्यामुळे कापाची लांबी वाढते आणि तो पेल्यात बुडवणे सोयीचे होते.

दुसरी भाजणी

ओव्हन १५० अंशांवर आणावा. काप ट्रेवर आडवे मांडून आठ ते दहा मिनिटे भाजावेत, मग प्रत्येक काप उलटून आणखी तेवढाच वेळ. येथे रंग आणायचा नसून ओलावा काढायचा असतो, म्हणूनच तापमान कमी ठेवायचे. ओव्हनमधून काढताना काप मध्यभागी थोडे मऊ लागले तर घाबरू नये. गार होताना ते कडक होतात. ते जाळीवर, खालून हवा लागेल असे, पूर्ण गार करावेत आणि नंतरच डब्यात भरावेत. कोमट असताना झाकण लावले तर वाफ आत कोंडून सारी मेहनत फुकट जाते.

कोठे चुकते?

उंडे पसरून पोळीसारखे झाले, तर पीठ सैल होते किंवा ओव्हन पुरेसा तापलेला नव्हता. अंड्यांचा आकार कमीजास्त असतो, म्हणून मोठी अंडी असल्यास तिसऱ्या अंड्याचा बलक वगळावा. बिस्किट बाहेरून काळवंडले आणि आतून ओले राहिले, तर तापमान अधिक होते. घरगुती ओव्हनच्या बटणावरील आकडे आणि आतील प्रत्यक्ष उष्णता यांत वीस-पंचवीस अंशांचाही फरक असू शकतो. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा तापमापक घेतला की हा घोळ कायमचा मिटतो. आणि बिस्किट दुसऱ्या दिवशी चिवट झाले, तर दुसरी भाजणी अपुरी पडली, असे समजावे. तेच काप पुन्हा १५० अंशांवर दहा मिनिटे ठेवले की सुधारतात. एकदाच भाजून घाई करणाऱ्याला ही सवलत नाही.

कडू बदामाची भावंडे

इटलीच्या बदामी बिस्किटांचे दुसरे मोठे घराणे मैद्याविना चालते. बदामाची पूड, साखर आणि अंड्याचा पांढरा भाग एवढ्यांतच ही बिस्किटे होतात. तोस्कानातील सिएना शहराची ‘रिच्चारेल्ली’ ही त्यांतील एक. शंकरपाळ्यासारख्या लांबट आकाराची, पिठीसाखरेने माखलेली आणि आतून मऊ, अशी ही बिस्किटे नाताळात घरोघरी असतात. क्रूसेडच्या युद्धांवरून परतलेल्या एका सरदाराने हा पदार्थ आणला, अशी दंतकथा सिएनात सांगतात. रिच्चारेल्लीला २०१० मध्ये युरोपीय भौगोलिक मानांकन मिळाले.

दुसरी ‘आमारेत्ती’. ‘आमारो’ म्हणजे कडू, आणि आमारेत्ती म्हणजे ‘छोटी कडवट’. मिलानजवळील सारोन्नो गावची आमारेत्ती कुरकुरीत असतात, तर लिगुरिया प्रांतातील सास्सेल्लो गावची मऊ. त्यांतील वैशिष्ट्यपूर्ण वास कडू बदामाचा किंवा जर्दाळूच्या बीमधील गरीचा असतो. बाजारात ‘बदाम इसेन्स’ म्हणून जे मिळते, त्याचाही वास हाच. आपण रोज खातो त्या गोड बदामाला हा वास जवळजवळ नसतोच, ही गोष्ट अनेकांना नवी वाटेल.

येथे एका धोक्याची जाणीव देणे आवश्यक आहे. गोड बदाम खाताना मध्येच एखादा कडूजहर बदाम लागतो आणि तोंड वाईट होते, हा अनुभव सर्वांनाच आहे. तो कडूपणा ‘अमिग्डालिन’ या द्रव्याचा. चावताना किंवा वाटताना पाण्याशी संयोग झाला की या द्रव्यापासून सुगंधी ‘बेंझाल्डिहाइड’ सुटते आणि त्याच्याच जोडीने हायड्रोजन सायनाइड हे विषही. एखादा कडू बदाम थुंकून टाकला तर काळजीचे कारण नाही. परंतु मूठभर कडू बदाम वाटून बिस्किटांत घालणे हा खेळ नव्हे. अख्खा सुका जर्दाळू खाल्ल्यावर आपल्याकडे आतील बी फोडून गर खाण्याची पद्धत आहे. ती गरी गोड असेल तर ठीक. कडू लागल्यास टाकून द्यावी. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये दिलेल्या इशाऱ्यानुसार, कच्च्या जर्दाळूच्या तीनपेक्षा अधिक लहान गऱ्या एका वेळी खाल्ल्यास प्रौढ व्यक्तीही सुरक्षित मर्यादा ओलांडू शकते. तान्ह्या व लहान मुलांसाठी एक गरीदेखील जास्त ठरू शकते. कारखान्यांत यावर नियंत्रण असते, घरी नसते. तेव्हा जुन्या इटालियन पाककृतींत कडू बदाम लिहिलेले असले, तरी घरी गोड बदाम आणि तीन-चार थेंब इसेन्स हाच शहाणपणाचा मार्ग.

मऊ आमारेत्ती

कांतुच्ची करताना उरलेल्या पांढऱ्या भागाची सोय येथे लागते. सोललेले गोड बदाम २०० ग्रॅम, साखर १८० ग्रॅम, दोन अंड्यांचा पांढरा भाग, थोडी किसलेली लिंबाची साल, बदाम इसेन्सचे तीन-चार थेंब आणि वरून लावण्यासाठी पिठीसाखर घ्यावी. बदाम उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून सोलावेत, कोरड्या फडक्यावर पुसून मंद ओव्हनमध्ये दहा मिनिटे वाळवावेत आणि पूर्ण गार होऊ द्यावेत. मग निम्म्या साखरेबरोबर मिक्सरमध्ये थांबत थांबत बारीक करावेत. सलग फिरवल्यास तेल सुटून पुडीचा लगदा होतो, हे बदामकतली करणाऱ्यांना ठाऊक आहेच.

पांढरा भाग फेसाळ होईपर्यंत फेटून उरलेली साखर घालावी, त्यात बदामाची पूड, लिंबाची साल आणि इसेन्स मिसळून घट्टसर गोळा करावा. पांढरा भाग एकदम न घालता बेताने घालावा. गोळा हातावर वळता आला पाहिजे. सुपारीहून थोडे मोठे गोळे करून पिठीसाखरेत घोळवावेत, ट्रेवर ठेवून तासभर उघडेच राहू द्यावेत. त्यामुळे वरचा थर सुकतो आणि भाजताना सुबक भेगा पडतात. १६५ अंशांवर अठरा ते वीस मिनिटांत ती फिकट सोनेरी होतात. ही एकदाच भाजायची, आणि आतून ओलसर राहू द्यायची. मैदा नसल्याने गहू वर्ज्य असणाऱ्यांनाही ती चालतात; मात्र पिठीसाखरेत पिठाची भेसळ नाही ना, हे डब्यावर पाहून घ्यावे.

अंडे न खाणाऱ्यांनी काय करावे?

हा प्रश्न आपल्याकडे येणारच, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर असे, की परंपरेने अंड्याविना कांतुच्ची होत नाहीत. वरील प्रमाणात अंड्यांऐवजी ८० मिलीलिटर दूध आणि ४० ग्रॅम लोणी घेऊन, बेकिंग पावडर एक छोटा चमचा करून चांगली बदामी बिस्किटे होतात. काप थोडे जाड ठेवावे लागतात आणि ते जरा जपून हाताळावे लागतात. पोत खुसखुशीत, नानकटाई आणि टोस्ट यांच्या मधला येतो. ती आठ-दहा दिवसांत संपवावीत. चवीला ती कमी नाहीत, फक्त त्यांच्याकडून प्रातोच्या बिस्किटाची अपेक्षा करू नये.

टिकवण आणि खाण्याची रीत

हवाबंद डब्यात कांतुच्ची तीन-चार आठवडे सहज टिकतात. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्याचे दिवस मात्र कठीण. साखर हवेतला ओलावा ओढून घेते आणि डबा वारंवार उघडल्यास बिस्किटे सादळतात. एका मोठ्या डब्याऐवजी दोन-तीन लहान डबे भरावेत, आणि सादळलीच तर १५० अंशांवर पाच-सात मिनिटे गरम करून गार करावीत. बदाम असलेला कोणताही पदार्थ पाहुण्यांपुढे ठेवताना सुक्या मेव्याची ॲलर्जी कोणाला नाही ना, हे विचारावे. पाच वर्षांखालील मुलांना अख्ख्या बदामाचा तुकडा देऊ नये, तो घशात अडकू शकतो.

तोस्कानात जेवणाच्या शेवटी कांतुच्ची ‘विन सान्तो’ या गोड वाइनबरोबर खातात. ‘त्रेब्बियानो’ आणि ‘माल्वासिया’ या जातींची द्राक्षे तोडणीनंतर कित्येक आठवडे सुकवून, त्यांचा रस लहान पिंपांत काही वर्षे मुरवून ही वाइन तयार होते. बिस्किट तिच्यात क्षणभर बुडवायचे, कडा मऊ होतात, गाभा कुरकुरीत राहतो, आणि मग चावायचे. नाशिक परिसरात उशिरा तोडलेल्या द्राक्षांपासून होणारी गोड वाइन हा त्याला जवळचा पर्याय आहे. वाइन न घेणाऱ्यांसाठी कडक कॉफी किंवा आपला नेहमीचा आल्याचा चहा उत्तम. चहात मात्र टोस्टपेक्षा थोडा अधिक वेळ बुडवावे लागते.

घरी ही बिस्किटे करणाऱ्याला महागडी साधने लागत नाहीत, दुर्मीळ जिन्नसही लागत नाहीत. लागतो तो दीड तासाचा वेळ आणि दोन ठिकाणी थांबण्याची तयारी : एकदा उंडा कापण्यापूर्वी, आणि एकदा डब्याचे झाकण लावण्यापूर्वी. एवढे जमले की बाकीचे काम ओव्हन करतो. बिस्किट कडक झाले, अशी तक्रार त्यानंतर कोणी केलीच, तर त्याच्यापुढे चहाचा कप सरकवावा.